कवळी गिळलेली गाडी

सासऱ्यांची कवळी कचऱ्याच्या गाडीत गेली, तेव्हा ती गाडी जेवणाच्या टेबलावर उभी होती. कवळी आत टाकली होती ती खुद्द सूनबाईनं, स्वतःच्या हातानं. आणि नणंदबाई कुठल्याही क्षणी दारात येणार होत्या.

हे असं कसं झालं ते कळायला थोडं मागं जावं लागेल. फार नाही, सासूबाई गेल्या तिथपर्यंत.

सूनबाईचा धंदा कवळ्या करायचा. घराच्या मागच्या खोलीत तिची लॅब होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, ही प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात एकेक दात लावायची आणि गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करायची. आजूबाजूच्या चार रस्त्यांवर म्हातारी माणसं हसली की ही लांबूनच ओळखायची, हे माझं काम. सासऱ्यांनी जन्मभर कचऱ्याची गाडी चालवलेली. ती मोठी असते ना, मागच्या तोंडानं कचरा घेते आणि पातं फिरवून आत दाबत नेते, ती. माणूस बडबड्या, हसरा. पण सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं बोलणं एका अक्षरावर आलं. जेवायला वाढू? हं. बाहेर जाऊन येता का? हं. कवळी घाला ना बाबा, मी एवढी जीव लावून केलीय. हं. कवळी वाटीतच.

मग एका डॉक्टरांनी दवाखाना नवा केला आणि पेशंटच्या मुलांसाठी ठेवलेला ठोकळ्यांचा खोका हिच्या गळ्यात मारला. खटकन एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, चाकं, दांडे, पिना, गिअर. प्लास्टर सुकेपर्यंत हातांना काहीतरी चाळा हवा, म्हणून तिनं टेबलावर एक ओबडधोबड ट्रक जोडला. सासरे पाणी प्यायला चालले होते. थांबले.

"दार उलटं बसवलंयस," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. खिडकीत चिमणी बसली की आपण जसे हलत नाही, तशी ती हलली नाही. नुसतं दार काढलं, सुलटं बसवलं आणि मान वर न करता विचारलं, "असं?"

"असं. आणि ही काय चासी झाली?"

पण दाताशिवाय 'चासी' म्हणणं जमेना. दोनदा नुसती हवा गेली. मग ते स्वतः उठले, वाटीतली कवळी तोंडात बसवली, परत आले आणि स्पष्ट म्हणाले, "चासी."

तिथून पुढं जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. घरानं ताटं मांडीवर घेतली.

गाडी केवढी करायची, हे चाकावरून ठरलं. खोक्यात सगळ्यात मोठं चाक होतं ते सूनबाईच्या अंगठ्याएवढं. सासरे म्हणाले, "खरं चाक माझ्या कमरेला लागायचं. हे तुझ्या अंगठ्याएवढं. आता बाकी सगळं याच हिशेबात. इथं लाड नाहीत." मापाच्या बाबतीत सूनबाईचेही लाड नव्हते. केसाएवढा फरक पडला तर हिच्या गिऱ्हाइकांना जेवता येत नाही. दोघांचं जमलं. गाडी सहा वेळा मोडली आणि सातव्यांदा उभी राहिली. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. केबिन पुढं कलंडायची आणि खाली इंजिन दिसायचं. मागच्या तोंडातलं पातं चालवायला बिघडलेल्या इलेक्ट्रिक टूथब्रशची मोटर घातली होती, त्यामुळं गाडी सुरू केली की घरात कुणीतरी दात घासतंय असं वाटायचं.

तरी सासऱ्यांचं समाधान होईना. "आवाज नाही," ते म्हणाले. "आमच्या गाडीचा दुसरा गिअर कुरकुरायचा. त्याशिवाय ती गाडी नाही."

सूनबाईनं लॅबमधली बारीक कानस आणली आणि गिअरचा एक दात घासला. आयुष्यभर लोकांचे दात नेमके बसवणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच एक दात मुद्दाम बिघडवला. लिव्हर ओढला. कुर्र झालं. सासऱ्यांनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. "हीच."

आता एकच काम उरलं होतं. कचरा बाहेर काढायचं. मागचं झाकण उचलायचं आणि आतली पाटी पुढून मागं ढकलायची, त्याची सोय अजून व्हायची होती. भरायची सोय होती, रिकामं करायची नव्हती. आपल्या सगळ्यांच्या कपाटांसारखंच.

यातलं काहीही नणंदबाईंना माहीत नव्हतं. त्या दुसऱ्या गावी हॉस्पिटलात मेट्रन. फोनवर त्या म्हणायच्या, "बाबांना दे." आणि बाबा फोनवर म्हणायचे, "हं." सासऱ्यांचा फोनवर विश्वास नव्हता, समोर तोंड दिसल्याशिवाय ते बोलायचेच नाहीत. पण मेट्रनबाईंनी निदान केलं होतं. बोलत नाहीत, खात नाहीत, तिथं कुणी लक्ष देत नाही. रविवारी येते आणि घेऊन जाते.

सासऱ्यांनी जावं असं सूनबाईला वाटत नव्हतं. पण हे म्हणायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं? त्यांचा बाप, त्यांनी न्यावा. आपण सून. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "ताई येतील तेव्हा बाबांनी नीट बोलायला हवं. एक सफरचंद कचकचीत चावून दाखवायला हवं. मग त्यांचं त्या ठरवतील."

नवरा टाइल्सच्या दुकानात सेल्समन. त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक गप्प झालं की आपण बोलायचं असतं. तो म्हणाला, "तू काळजी करू नको, बोलायचं माझ्यावर सोड."

इथंच तिनं काळजी करायला हवी होती.

रविवारी सकाळी तिनं सासऱ्यांची कवळी खालून थोडी घासली, कारण ती टोचत होती. पॉलिश केली, ओल्या टिश्यूत गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. कवळी कोरडी पडू द्यायची नाही, हा तिच्या लॅबचा नियम. तोवर सासरे गाडीपाशी बसून म्हणाले, "भरून बघितलीस का?" कवळी नसल्यामुळं हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. हिला कळलं. दिवसभर बिनदातांच्या माणसांशीच तर बोलायची ती.

"बघितली की. कागद टाकून."

"सुका कचरा कुणीही दाबेल. ओला टाक."

मग तिनं ओल्या टिश्यूचे गोळे केले आणि एकेक मागच्या तोंडात टाकत गेली. सासरे म्हणत होते, "अजून. अजून. आमच्या बाजारपेठेत सोमवारी याच्या दुप्पट." तिनं हाताला लागेल तो गोळा टाकला. शेवटचा जरा जड होता. चांगलं, ती मनात म्हणाली, वजन पण कळेल. लिव्हर ओढला. पातं खाली आलं, सगळं गोळा केलं, कुर्र करून आत दाबलं आणि परत येताना नेमक्या त्या घासलेल्या दातावर गिअर सटकला. पातं मिटलं ते मिटलंच.

"झकास," सासरे म्हणाले. "आमची पण अशीच अडकायची."

मग सूनबाईनं कवळीसाठी टेबलावर हात फिरवला. तिथं एक ओला गोल डाग होता.

नवरा अंघोळ करून आला तेव्हा बायको टॉर्च घेऊन गाडीच्या मागच्या फटीत बघत होती.

"काय झालं?"

"बाबांची कवळी आत गेली."

"मग उघड."

"उघडत नाही."

"मग फोड."

"पात्याच्या पिना हौद्याच्या आतून आहेत. हौद्याच्या पिना चासीच्या खालून. चासीच्या केबिनच्या खालून. पहिल्यापासून सगळी सोडवायला लागेल."

"कुणी केलं हे असलं डिझाइन?"

दोघांनीही टेबलाकडं बघितलं. सासऱ्यांनी गाडीच्या टपावर पंजा ठेवला होता. झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. आणि मान हलवत होते. नाही. आठव्यांदा नाही.

"लॅबमध्ये दुसरी नाही का एखादी?" नवरा म्हणाला. टाइल्सच्या दुकानात हवा तो माल नसला की जवळपासचा दाखवतात.

"कवळी आहे ती, चप्पल नाही. दुसऱ्याची चालत नसते. फडताळात एकच तयार आहे, त्या पुढाऱ्यांची. उद्या द्यायचीय."

त्या पुढाऱ्यांनी दात कसे हवेत ते बजावून सांगितलं होतं. सभेत शेवटच्या रांगेतून दिसले पाहिजेत. डॉक्टर नको म्हणत होते, सूनबाई नको म्हणत होती, पण दात त्यांचे होते. शेवटी तिनं बसवले, मोठे आणि बर्फासारखे पांढरे.

"नाही म्हणजे नाही," सूनबाई म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली. तिनं घाईनं गाडीवर टॉवेल टाकला. आणि ती वळून बघते तर सासरे फडताळापाशी उभे होते, आणि हसत होते. म्हणजे ते हसत नव्हते. पण आता ओठ मिटणंच शक्य नव्हतं. गरीब कचरागाडी ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर सगळ्या जगाला पाणी आणि रस्ते देण्याचं आश्वासन पसरलं होतं.

"राहू द्या," नवरा कुजबुजला. "बाबा, फक्त बोलू नका."

ताई आल्या. हातात रिकामी बॅग, ती बाबांच्या कपड्यांसाठी. स्वतःच्या गाडीची किल्ली टेबलावर टाकली, चपला काढायच्या राहिल्याच, आणि उभ्या उभ्याच बाबांची नाडी धरली.

"बाबा, कसे आहात?"

बाबा तेजस्वी हसले.

"बाबा?"

बाबा हसतच राहिले. ताईंनी भावाकडं बघितलं. "हे असे का बघतायत?"

"खूश आहेत," नवरा म्हणाला. "तुला बघून."

"मग बोलत का नाहीत?"

"घसा बसलाय ना त्यांचा."

"कधीपासून? औषध काय देताय?"

"तसा नाही बसलेला. म्हणजे आज बरं वाटतंय. फक्त बोलायचं नाही असं ठरवलंय त्यांनी. मनानंच."

"मनानं बोलायचं बंद केलं?" ताईंचा आवाज खाली आला. हॉस्पिटलात त्यांचा आवाज खाली आला की शिकाऊ नर्सेस बाहेर पळायच्या. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

सूनबाईनं नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. पण सेल्समनला थांबवणं सोपं नसतं. ताईंनी सफरचंदाची फोड बाबांपुढं केली. बाबांनी मान हलवली. नवरा म्हणाला, "त्यांना भूक नसते हल्ली." ताई बघत राहिल्या. नवरा म्हणाला, "म्हणजे सफरचंदाची नसते." मग म्हणाला, "पातळ घेतात." मग स्वतःच घाबरला आणि गप्प झाला, पण तोवर त्यानं ताईंचं निदान एकेका वाक्यानं पक्कं करून दिलं होतं.

"चमचा आण," ताई सूनबाईला म्हणाल्या. "घसा बघते. बाबा, आ करा."

"ताई, नको," सूनबाई म्हणाली.

"आ करा बाबा."

मेट्रनचा हुकूम होता. बाबांनी आ केला. पुढाऱ्यांची कवळी वरून सुटली, क्षणभर लटकली आणि सावकाश ताईंच्या तळहातावर येऊन बसली. ताईंनी आयुष्यात हातावर पुष्कळ काही झेललं होतं, पण स्वतःच्या बापाचं हसू झेलायची ही पहिलीच वेळ.

"हे बाबांचे दात नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या.

"नाहीत," सूनबाई म्हणाली.

"त्यांचे कुठायत?"

"कचऱ्याच्या गाडीत."

ताई दाराकडं धावल्या. "कुठल्या बाजूला गेली? गेली असेल लांब. अरे बघतोस काय, पळ की."

"ताई," सूनबाई म्हणाली. "ही गाडी." आणि तिनं टेबलावरचा टॉवेल बाजूला केला.

मग तिनं सगळं सांगितलं. ठोकळ्यांचा खोका, उलटं दार, चासी, घासलेला दात, ओला कचरा. लपवाछपवी केली त्याबद्दल माफ करा म्हणाली. ताईंनी ऐकून घेतलं, पण त्यांची नजर गाडीवरून हटत नव्हती आणि त्या नजरेत कौतुक नव्हतं.

"म्हणजे बाबांचे दात आत आहेत, आणि त्यांना उपाशी ठेवून तुम्ही खेळणं सांभाळताय. आण इकडं, मी सोडवते."

त्यांनी केबिनला हात घातला. आणि बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"हाऽ हावाऽऽ हाई," बाबा म्हणाले.

ताईंनी सूनबाईकडं मान वळवली.

"काय म्हणाले?" ताई.

"हात लावायचा नाही, म्हणाले," सूनबाई म्हणाली.

मग बाबा बोलायला लागले. किती महिन्यांचं तुंबलेलं होतं कुणास ठाऊक. दात नव्हते, त्यामुळं शब्दांना कोपरे नव्हते, सगळं मऊ आणि ओलं बाहेर येत होतं. मुलगा आणि मुलगी दोघंही कान देऊन ऐकत होते आणि दोघांनाही एक शब्द कळत नव्हता. सूनबाईला मात्र सगळं कळत होतं. तिला वाटलं, आज कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"सांग ना," ताई म्हणाल्या.

"म्हणतात, तायडीला सांग. तिच्याकडं यायला माझी ना नाही." सूनबाई थांबली. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. सासरे तिच्याकडं बघत होते. "म्हणतात, पोरीनं एवढ्या लांबून बॅग आणलीय, ती रिकामी परत नेऊ नये. तिच्या मनाला बरं वाटत असेल तर येतो."

ताईंनी सूनबाईकडं बघितलं. ही बाई स्वतःच्या विरुद्धचं वाक्य इतकं नीट सांगतेय म्हणजे खोटं सांगत नसणार, हे मेट्रनला कळलं.

"पुढं काय म्हणाले? बरंच बोलले."

"म्हणाले, तिच्या घरी ती नसतेच. सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते, उभ्यानं जेवते. मी तिथं भिंत बघत बसेन. इथं पण भिंतच बघत होतो. मग एक दिवस या पोरीनं दार उलटं बसवलं." "पुढचं माझ्याबद्दल आहे. ते राहू दे."

"सांग."

"म्हणाले, हिला गाडीतलं काही कळत नाही. म्हणून मला रोज उठावं लागतं."

नवरा पहिल्यांदाच आपणहून गप्प होता. ताईंनी पदरानं चष्मा पुसला. पुढाऱ्यांची कवळी अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होती, ती त्यांनी बशीत ठेवली.

"आणि ही गाडी कधी रिकामी होणार?" त्यांनी विचारलं.

"पाटी बसवायचीय, झाकण उचलायची सोय करायचीय. वेळ लागेल ताई. खरं सांगते."

"होऊ दे मग. तोवर राहू देत इथंच." त्यांनी बॅग उचलली. "मी निघते. रस्ता लांब आहे."

"जेवून जा की," नवरा म्हणाला.

"नको रे. घरी जाऊन खाईन काहीतरी." आणि त्या बशीतले दात लॅबमध्ये ठेवायला भाऊ चालला होता त्याच्या मागं गेल्या, कारण त्या दातांना आधी उकळत्या पाण्यात घालायचं की औषधात, यावर त्यांचं मत होतं. "पुढाऱ्यांना नवे करून देणार आहे ती," नवरा सांगत होता. "हे घालायचेच नाहीयेत कुणाला."

टेबलापाशी दोघंच उरली. सासऱ्यांनी गाडी पुढं ओढली. केबिन कलंडवली, आत करंगळी घातली, दुसरा गिअर अर्ध्यावर धरला आणि हलकेच लिव्हर मागं घेतला. कुर्र झालं. पातं उघडलं. त्यांनी दोन बोटं आत घालून तो जड ओला गोळा बाहेर काढला आणि सूनबाईच्या हातात दिला.

सूनबाई बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला सकाळपासून उघडता येत होती?"

सासऱ्यांनी टेबलावरची ताईंची किल्ली उचलली, मागच्या तोंडात टाकली, वर दोन ओले टिश्यू टाकले आणि लिव्हर ओढला. कुणीतरी दात घासल्यासारखा आवाज झाला. पातं मिटलं.

"किल्ली बघितली का कुणी माझी?" ताई बाहेर येत म्हणाल्या. मग त्यांनी गाडीकडं बघितलं. मग बाबांकडं.

बाबा बोलले. हळू, एकच वाक्य. उभ्या उभ्या आली, उभ्या उभ्या चाललीय, दोन घास बसून खाऊ दे तिला.

"काय म्हणाले?" ताईंनी विचारलं.

सूनबाईनं कवळीचा गोळा धरलेली मूठ एप्रनच्या खिशात घातली आणि तिथंच सोडली.

"म्हणाले, चुकून पडली."

ताईंनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि गाडीच्या मागच्या बाजूला बसल्या.

"पाटी कुठनं बसणार ते दाखव," त्या म्हणाल्या. "आणि वाढ काहीतरी. भूक लागलीय मला."